डिकीची काच का खडखडते, आणि ती कशी बसवायची

जुन्या हॅचबॅकच्या मागून खडखडाट सुरू झाला की पहिला विचार येतो सैल बोल्टचा. पाना फिरवायचा, आवाज बंद. प्रत्यक्षात बोल्ट बहुधा घट्टच निघतात. कमी झालेला असतो तो काच आणि चौकट यांच्यामधला दाब. तो परत आणला तरच आवाज जातो. फटीत फोम कोंबून तो काही दिवस दबतो, एवढंच.

वेगळी उघडणारी मागची काच घेऊ. एक मीटर लांब, अर्धा मीटर उंच आणि साडेतीन मिलिमीटर जाड काचेचं वजन सुमारे 4.4 किलो भरतं. काच बंद असताना लॉक तिला आत ओढतं, तर कडेचं रबर आणि कोपऱ्यांतले रबरी ठोकळे तिला बाहेर ढकलतात. ही ओढाताण कायम चालू असते आणि काच शांत राहते ती तिच्यामुळेच. आता चाक खड्ड्यात आपटलं आणि काचेला गुरुत्वाच्या दुप्पट झटका बसला, तर तिच्यावर साधारण 90 न्यूटन, म्हणजे नऊ किलो वजनाइतका जोर येतो. रबराचा दाब याहून जास्त असेल तर काही होत नाही. कमी असेल तर क्षणभर फट पडते आणि काच परत येऊन आदळते. कानाला खटकायला अर्ध्या मिलिमीटरची फटही पुरते.

दाब कमी होतो तो रबरामुळे. डिकीचं बीडिंग, म्हणजे कडेने बसवलेली रबरी पट्टी, बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं. ते ऊन आणि ओझोन चांगलं सोसतं, पण वर्षानुवर्षं दाबलेल्या अवस्थेत तापत राहिलं की त्याच्या रेणूंमधले जुने बंध तुटतात आणि त्याच चपट्या आकारात नवे जुळतात. मग दाब काढला तरी रबर पूर्ववत फुगत नाही. त्यातलं तेलही हळूहळू निघून जातं आणि ते कडक होतं. बोटाने दाबून पाहा: चांगलं बीडिंग लगेच वर येतं, थकलेलं खड्डा धरून बसतं.

आवाज नीट ऐकला तर निम्मं निदान तिथेच होतं. खड्ड्यावर खडखड म्हणजे फट. गाडी तिरकी चढवताना किंवा एकच चाक गतिरोधकावर गेल्यावर कुरकुर म्हणजे घर्षण: हॅचबॅकच्या मागे मोठं भोक असल्याने बॉडी किंचित पिळवटते, कोरडं रबर काचेला चिकटतं आणि सुटतं, पुन्हा चिकटतं. इथे दाब पुरेसा असतो, रबराचा पृष्ठभाग बिघडलेला असतो. फक्त वेगात येणारी शीळ म्हणजे हवेची गळती. उभ्या गाडीत ठरावीक आरपीएमलाच घुमणारा आवाज म्हणजे अनुनाद: इंजिनचे धक्के आणि एखाद्या भागाची स्वतःची कंपनं एका तालात येतात. चार सिलिंडरचं इंजिन 800 आरपीएमला सेकंदाला सुमारे 27 धक्के देतं. कुठल्याही वस्तूची नैसर्गिक कंपनसंख्या तिच्या आधाराच्या ताठपणाच्या वर्गमुळावर ठरते. ताठपणा निम्मा झाला की कंपनसंख्या जवळपास 30 टक्क्यांनी उतरते. म्हणून वर्षानुवर्षं शांत असलेला एखादा भाग आधार सैल पडल्यावर अचानक इंजिनच्या तालात सापडतो.

काचेला हात लावण्याआधी डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी, सामानावरची फळी, सगळं बाहेर. खडखडाटाचा दोष काचेवर जातो आणि चोर असते ती फळी किंवा नंबरप्लेट, असं फार वेळा होतं. तरीही आवाज राहिला तर काच आणि बॉडी यांच्यामधली फट चारही बाजूंनी मास्किंग टेपने ताणून बंद करा आणि त्याच रस्त्यावर गाडी चालवा. आवाज गेला तर दोष काचेच्या बसण्यातच आहे. राहिला तर मागच्या वायपरचा दांडा, आतलं प्लॅस्टिकचं पॅनल आणि लॉकला जाणारी तार तपासा.

मग कागदाची चाचणी. दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी रबरावर ठेवून काच बंद करा आणि पट्टी ओढा. ती अडखळत, जोर लावून निघायला हवी. दर 10-15 सेंटीमीटरवर हे करत पूर्ण फेरी मारा आणि जिथे पट्टी सहज सुटते तिथे टेपचा तुकडा चिकटवा. सैल जागा फक्त कोपऱ्यांत असतील तर काम ठोकळ्यांचं आहे, खालच्या कडेला असतील तर लॉकचं, आणि सगळीकडे असतील तर बीडिंग संपलंय.

दुरुस्तीची सुरुवात सगळ्यात सोप्या गोष्टीने करा. बीडिंग आणि काचेची कड साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग रबराला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नका, त्याने ईपीडीएम फुगून मऊ पडतं. नुसती कुरकुर असेल तर काम इथेच संपतं.

रबरी ठोकळे बहुतेक गाड्यांत स्क्रूसारखे फिरतात. दोन्ही बाजूंचे अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढा, काच बंद करून पाहा. दोन्ही सारखेच फिरवा, नाहीतर काच तिरकी बसते.

त्यानंतर स्ट्रायकर, म्हणजे लॉक ज्याला पकडतं ती लोखंडी कडी. तिच्या बोल्टची भोकं लांबट असतात. सैल करण्याआधी कडीच्या पायाभोवती मार्करने रेघ मारा, ही रेघ नसेल तर मूळ जागा परत सापडत नाही. कडी एका वेळी एक मिलिमीटरच आत सरकवा, बोल्ट आवळा, काच लावून बघा. इथे हाव नडते. काच आपटूनच बंद करावी लागत असेल किंवा बटण दाबल्यावर लॉक सुटत नसेल तर दाब जास्त झालाय. अर्धा मिलिमीटर मागे या.

बिजागऱ्यांकडे वळताना मात्र हात जपून चालवा. ही काच टेम्पर्ड असते: पृष्ठभागावर दाब आणि आत ताण कोंडलेला. ती घासता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि कडेला धातूचा टोकदार स्पर्श झाला तर एका क्षणात तिचे दाणे होतात. म्हणून काचेतल्या बोल्टच्या भोकात प्लॅस्टिकचं बुश, म्हणजे बोल्टभोवतीची छोटी नळी, आणि दोन्ही बाजूंना नायलॉनचे किंवा रबरी वॉशर असतात. बिजागरीजवळ काच हाताने हलत असेल तर बहुधा हे बुश झिजलेत. जुन्या बुशवर बोल्ट आवळत गेलात तर झिजलेल्या जागी धातू काचेला भिडतो आणि काच फुटते. बुश बदला, बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा, आणि थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव, लावायचंच असेल तर ते प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका. काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

काच उचलून धरणारे गॅसचे शॉकर जोडीनेच बदला. नवा आणि थकलेला एकत्र लावला की काच पिळते. बदलताना दुसऱ्या माणसाने काच धरून ठेवावी. त्यात दाबाखालचा नायट्रोजन असतो, जुना शॉकर कापायचा नाही, त्याला भोक पाडायचं नाही.

बीडिंग बदलायचंच ठरलं तर त्याच गाडीचं घ्या, कारण पोकळ भागाची जाडी दोन मिलिमीटरने चुकली तरी सगळा हिशोब बिघडतो. जुना सांधा जिथे होता तिथूनच सुरुवात करा आणि रबर न ताणता, कोपऱ्यात किंचित जास्त भरत, रबरी हातोडीने हलके ठोकत जा. ताणून बसवलेलं बीडिंग काही आठवड्यांत आखडतं आणि सांध्यावर फट पडते. पट्टी गरजेपेक्षा पाचेक मिलिमीटर जास्त लांब कापून टोकं एकमेकांना भिडवून दाबून बसवली की हा त्रास टळतो.

काच उघडणारी नसून चिकटवलेली असेल आणि हलत असेल, तर हा प्रश्न वेगळा आणि तातडीचा आहे. ती पॉलियुरेथेन नावाच्या चिकटपदार्थाने धरलेली असते. तिथे घरगुती सिलिकॉन भरू नका: व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना अॅसिटिक आम्ल सोडतं, त्याने पत्रा गंजतो, आणि त्याचा थर राहिला की नंतर पॉलियुरेथेनही धरत नाही. काच काढून, जुन्या पॉलियुरेथेनचा एक-दोन मिलिमीटर स्वच्छ थर ठेवून, गंज काढून तिथे प्रायमर मारून ती पुन्हा चिकटवणं हेच खरं काम, आणि ते काचवाल्याकडेच द्यावं.

गळती लांबवू नका. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो आणि एक्झॉस्टचा धूर तिथेच घुटमळतो. फटीतून तो आत येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेवटी पाण्याची चाचणी. आत टॉर्च घेऊन एक जण बसेल, दुसऱ्याने नळीचं मंद पाणी खालच्या कडेपासून वर न्यायचं, म्हणजे थेंब दिसताच जागा कळते. नवं बीडिंग सुरुवातीला ताठ असतं आणि काच जड लागते. त्यासाठी लगेच कडी सैल करू नका. दोन आठवड्यांनी रबर बसलं की कागदाची चाचणी पुन्हा करा आणि तेव्हाच कडीची शेवटची जागा ठरवा.