घोटाळा बाहेर आल्यावर मतदार चिडतो की घरी बसतो?

घोटाळा बाहेर आला की लोक चिडणार आणि पुढच्या निवडणुकीत बरोबर हिशोब चुकता करणार, असं आपण धरूनच चालतो. ब्राझीलमध्ये हे खरंच मोजता आलं. तिथल्या सरकारने 2003 पासून चक्क लॉटरी काढून नगरपालिका निवडायला सुरुवात केली, नंबर लागला की ऑडिटर जाऊन केंद्राकडून आलेल्या पैशाचा हिशोब तपासणार आणि रिपोर्ट जाहीर. यात संशोधकांची चांदी झाली, कारण काही ठिकाणचे रिपोर्ट 2004 च्या निवडणुकीआधी आले, काहींचे नंतर, आणि हे निव्वळ चिठ्ठीवर ठरलेलं, त्यामुळे दोन्हीकडचे निकाल शेजारी ठेवून बघता आले. जास्त गडबड निघाली तिथल्या महापौरांचे पुन्हा निवडून यायचे चान्स घटले, लोकल रेडिओ असेल तिथे तर फटका आणखी मोठा. गंमत म्हणजे रेडिओ असलेल्या भागात ज्याचा हिशोब स्वच्छ निघाला त्याचा उलट फायदाच झाला, म्हणजे लोकांनी आधीच सगळ्यांना थोडंफार चोर धरलेलं होतं!

मेक्सिकोत 2009 साली मात्र भलतंच झालं. तिथे मतदानाच्या आधी घरोघरी पत्रकं टाकली, इथल्या नगरपालिकेत किती टक्के पैशात घोळ झाला ते छापून. आकडा मोठा होता तिथे सत्ताधाऱ्यांची मतं घटली, ते ठीक, पण विरोधकांचीही घटली, कारण बरेच जण मत द्यायलाच गेले नाहीत. मला तर हाच निकाल जास्त डेंजर वाटतो. राग एका माणसावर असेल तर त्याला पाडता येतं, पण "सगळे सारखेच" म्हणून माणूस घरी बसला की ज्याने खाल्लं त्याचं फारसं काही बिघडत नाही.

बरं, विश्वास सगळ्यांचा सारखा उडतो असंही नाही. 16 लोकशाही देशांच्या एका अभ्यासात दिसलं की भ्रष्टाचार जास्त तिथे सरकारवरचा भरवसा कमी, पण ज्यांचा पक्ष सत्तेत आहे त्यांच्यावर याचा परिणाम कमी होतो. आपला तो बाब्या, दुसरं काय.

आणि जागृती मोहिमांचं काय? नायजेरियातल्या लागोसमध्ये लोकांना आधी भ्रष्टाचारविरोधी मेसेज ऐकवले, मग खऱ्या पैशांचा एक गेम खेळायला दिला ज्यात लाच द्यायची की नाही हे त्यांनीच ठरवायचं. बहुतेक मेसेजचा उपयोग शून्य, आणि भ्रष्टाचार सगळीकडेच आहे असं ज्यांना आधीच वाटत होतं ते तर मेसेज ऐकून लाच द्यायला जास्तच तयार झाले.