उघड शस्त्रधारण आणि जनमत (अमेरिका)

उघड शस्त्रधारण : इतरांना सहज दिसेल अशा रीतीने बंदूक किंवा पिस्तूल अंगावर बाळगून सार्वजनिक ठिकाणी वावरणे. कमरपट्ट्याच्या होल्स्टरमधले (पिस्तुलाच्या म्यानातले) पिस्तूल आणि खांद्याला अडकवलेली रायफल ही त्याची नेहमीची रूपे. अमेरिकेत ‘ओपन कॅरी’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रथा बहुसंख्य राज्यांत कायदेशीर आहे. काही राज्यांत त्यासाठी परवाना लागतो, अनेक ठिकाणी तोही लागत नाही. अशा शस्त्रधाऱ्याकडे बाकीचे लोक कोणत्या नजरेने पाहतात, ते मात्र दोनशे वर्षांत जवळपास उलटे झाले आहे.

एकोणिसाव्या शतकात लोकांना खुपत असे ते लपवलेले शस्त्र. केंटकी आणि लुइझियाना यांनी १८१३ मध्येच शस्त्र लपवून बाळगण्यावर बंदी घातली. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४६ मध्ये लपवण्यावरची बंदी मान्य केली, पण उघड बाळगण्यावरची बंदी रद्द केली. लुइझियानाच्या न्यायालयाने १८५० मध्ये उघड शस्त्राचा संबंध मर्दानी, उदात्त संरक्षणाशी लावला आणि लपवलेल्या शस्त्राचा दगाबाज मारेकऱ्यांशी. ज्याच्या मनात काळेबेरे नाही तो शस्त्र लपवील कशाला, असा हा सरळ हिशेब होता. आजचा शहरी अमेरिकन नेमका उलटा प्रश्न विचारतो : ज्याला फक्त स्वतःचे रक्षण करायचे आहे, तो शस्त्र दाखवतो कशाला?

‘वाइल्ड वेस्ट’मध्ये जो तो कमरेला पिस्तूल लावून हिंडत असे, हा समज पडद्यावरून आलेला आहे. गुरांच्या व्यापारावर वाढलेल्या डॉज सिटीत गावात बंदूक बाळगण्यास सक्त मनाई असल्याचा फलक लावलेला होता. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावाने एप्रिल १८८१ मध्ये अशीच बंदी घातली. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला झालेली ओ. के. कोरलची (तिथल्या घोड्यांच्या तळाजवळ कायदारक्षक आणि काउबॉय यांच्यात उडालेली) सुप्रसिद्ध चकमक काही अंशी या बंदीच्या अंमलबजावणीवरूनच पेटली होती.

विसाव्या शतकात या प्रश्नाला वंशाचे परिमाण उघडपणे मिळाले ते कॅलिफोर्नियात. ऑकलंडमधील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाचे कार्यकर्ते कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत पोलिसांच्या गाड्यांमागे भरलेल्या बंदुका घेऊन गस्त घालत. त्या वेळी ते पूर्णपणे कायदेशीर होते. ही मुभा काढून घेणारे विधेयक डॉन मलफर्ड या आमदाराने मांडले. त्याच्या निषेधार्थ २ मे १९६७ रोजी पक्षाचे सहसंस्थापक बॉबी सील यांच्या नेतृत्वाखाली सुमारे तीस जण बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. गव्हर्नर रोनाल्ड रेगन तेव्हा बाहेरच्या हिरवळीवर शाळकरी मुलांबरोबर होते. विधेयक थांबण्याऐवजी त्याला वेगच आला आणि जुलैत रेगन यांनी त्यावर सही केली. सामान्य नागरिकाने भरलेले शस्त्र घेऊन रस्त्यावर का फिरावे, याचे कोणतेही कारण आपल्याला दिसत नाही, असे ते म्हणाले होते. आज बंदूकहक्काची सर्वांत मोठी पुरस्कर्ती असलेली नॅशनल रायफल असोसिएशनही तेव्हा या कायद्याच्या बाजूने होती. शस्त्र कोणाच्या हातात आहे यावर लोकांची आणि सत्तेची नजर किती बदलते, याचे याहून बोलके उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात शोधावे लागेल.

प्रयोगशाळेतही हेच दिसते. कोलोरॅडो विद्यापीठातील जोशुआ कोरेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकाच्या पडद्यावर सशस्त्र किंवा निःशस्त्र माणूस क्षणभर दिसे आणि गोळी झाडायची की नाही हे ठरवावे लागे. सशस्त्र माणूस कृष्णवर्णीय असला, तर गोळी झाडण्याचा निर्णय अधिक झटकन होत असे. प्रत्यक्षात ओहायोतील वॉलमार्ट या साखळीच्या एका मोठ्या दुकानात ऑगस्ट २०१४ मध्ये विक्रीला ठेवलेली छऱ्यांची बंदूक हातात घेऊन फिरणारा २२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण, कोणीतरी फोन केल्यावर आलेल्या पोलिसांच्या गोळीला बळी पडला. ओहायोत खरी बंदूक उघड बाळगणेही कायदेशीर आहे.

केवळ शस्त्र नजरेस पडल्याने माणूस बदलतो का, हा वेगळा प्रश्न. बर्कोविट्झ आणि लपेज यांनी १९६७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात केलेल्या प्रयोगात, आधी चिडवलेल्या विद्यार्थ्यांनी टेबलावर बॅडमिंटनचे सामान असताना जेवढे विजेचे झटके दुसऱ्याला दिले, त्याहून अधिक झटके बंदुका ठेवलेल्या असताना दिले. पुढच्या प्रयोगांतून मात्र सर्वांना हाच निष्कर्ष मिळाला नाही.

गेल्या दोन दशकांत या वादाचे मैदान विधानभवनातून दुकानांत सरकले. कॅलिफोर्नियात २०१० च्या सुमारास उघड शस्त्रधारणाचे समर्थक कमरेला रिकामी पिस्तुले (भरलेल्यांना १९६७ पासूनच मनाई होती) लावून कॉफीच्या दुकानांत जमू लागले. राज्याने २०१२ पासून त्यावरही बंदी आणली. सप्टेंबर २०१३ मध्ये स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या साखळीचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी जाहीर पत्र लिहून ग्राहकांना बंदुका न आणण्याची विनंती केली. ती विनंती होती, बंदी नव्हती. शस्त्रधारी ग्राहकाला अडवण्याचे काम आपल्या नोकरांच्या गळ्यात मारणे त्यांना नको होते.

टेक्ससमधला प्रकार याहून चमत्कारिक. तिथे पिस्तूल उघड बाळगण्यावर १८७१ पासून बंदी होती, पण रायफलवर नव्हती. परिणामी पिस्तुलासाठी मोहीम चालवणारे लोक रायफली घेऊन उपाहारगृहांत शिरत आणि घास तोंडाजवळ नेलेली कुटुंबे घाबरून पाहत राहत. मे २०१४ मध्ये खुद्द नॅशनल रायफल असोसिएशनने या वागण्याला विचित्र म्हटले आणि काही दिवसांत ते शब्द मागे घेतले. पुढे १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना पिस्तूल उघड लावण्याची मुभा मिळाली आणि सप्टेंबर २०२१ पासून परवान्याचीही गरज उरली नाही. मालकाला हे नको असेल, तर दंडसंहितेच्या कलम ३०.०७ ची पाटी प्रत्येक दारावर लावण्याची सोय आहे : मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, अक्षरे किमान एक इंच उंचीची आणि पार्श्वभूमीवर उठून दिसणारी. ह्यूस्टन किंवा डॅलसमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ही पाटी ओळखीची असते. नवख्या पाहुण्याला ती आधी दचकवते.

समर्थकांचे म्हणणे असे, की शस्त्र दिसले की गुन्हेगार बिचकतो, आणि रोज दिसत राहिले की शेजारीही घाबरेनासा होतो. विरोध फक्त बंदूकविरोधकांचाच आहे असे नाही. लपवून शस्त्र बाळगणारे अनेक जण म्हणतात, की दिसणारे पिस्तूल कोणी हिसकावू शकतो आणि हल्लेखोर आधी त्या माणसालाच टिपेल. हा आक्षेप नैतिक नसून व्यावहारिक आहे आणि म्हणूनच समर्थकांना अधिक झोंबतो.

पाहणाऱ्याची खरी अडचण ही, की हेतू डोळ्यांना दिसत नाही. ओहायोतील टोलेडो शहरात २०१० मध्ये एक गृहस्थ कमरेला पिस्तूल लावून घरच्यांबरोबर कुत्र्याला फिरवत होते. जाणाऱ्या मोटरसायकलस्वाराने थांबून हरकत घेतली आणि ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन केला. पोलिसांनी त्या गृहस्थांना बेड्या घातल्या. प्रकरण अपील न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये निकाल लागला, की कायद्याने मुभा दिलेली गोष्ट करणाऱ्याला केवळ तेवढ्यावरून अडवता येत नाही. अशा कायद्यामुळे पोलिसांची ‘आणि काही मोटरसायकलस्वारांची’ अधूनमधून पंचाईत होईल, असा चिमटाही न्यायाधीशांनी काढला. याच वर्षी ३१ ऑक्टोबरला कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये एका बाईने रायफलधारी माणूस दिसल्याचे कळवले, तेव्हा शस्त्र उघड बाळगणे इथे कायदेशीर आहे असे तिला सांगण्यात आले. थोड्याच वेळात त्या माणसाने तिघांना ठार केले. डॅलसमध्ये ७ जुलै २०१६ रोजी मोर्चावेळी पाच पोलिसांची हत्या झाली तेव्हा मोर्चात अनेक जण रायफली घेऊन आले होते. पोलिसांनी त्यांतल्याच एका निरपराध माणसाचे छायाचित्र संशयित म्हणून प्रसिद्ध केले होते.

मोर्चातली आणि सभागृहातली बंदूक लोकांना सर्वाधिक खटकते. ३० एप्रिल २०२० रोजी कोविड निर्बंधांविरुद्ध सशस्त्र निदर्शक मिशिगनच्या विधानभवनात शिरले, तेव्हा काही सदस्यांनी अंगात चिलखती जाकीट चढवले होते. जानेवारी २०२१ मध्ये त्या इमारतीत उघड शस्त्राला बंदी झाली. न्यायालयांचा कल मात्र उलट दिशेने आहे. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये फ्लोरिडातील १९८७ पासूनची उघड शस्त्रबंदी तिथल्या अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

भारतात असा हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो आणि २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र झाकून न्यावे लागते, ते मिरवण्यास मनाई आहे. बँकेच्या रोकड गाडीपाशी उभ्या असलेल्या गणवेशातल्या रखवालदाराच्या बंदुकीकडे पुण्या-मुंबईत कोणी वळूनही पाहत नाही, पण तीच बंदूक साध्या कपड्यातल्या माणसाकडे दिसली तर गर्दी पांगते. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर बीड जिल्ह्यातील पिस्तूलधाऱ्यांची समाजमाध्यमांवरची छायाचित्रे आणि रील चर्चेत आले. त्यांकडे स्वसंरक्षण म्हणून कोणी पाहिले नाही, दहशत म्हणूनच पाहिले. प्रशासनाने जिल्ह्यातील परवान्यांची फेरतपासणी करून अनेक रद्द केले.