जॅझमध्ये ‘म’ कुठे जातो?

जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवणं, असं अनेक जण कौतुकानेच म्हणतात. हा समज खोडायला साधं गणित पुरतं. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.३ सेकंदांची. मात्रेत दोन स्वर घेतले तर एका स्वराच्या वाट्याला ०.१५ सेकंद येतात. नुसता आवाज ऐकून बटण दाबायलाही माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक स्वर ऐकून, तोलून, निवडून वाजवणं शक्यच नाही. बरीचशी निवड रियाजात होऊन गेलेली असते.

पण रियाज कशाचा? पुष्कळ विद्यार्थी स्केल (स्वरांची चढती ओळ) आणि मोड (तीच ओळ वेगळ्या स्वरापासून सुरू केलेली) पाठ करत बसतात, आणि तरीही त्यांचं वादन कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, वरून तरंगत गेल्यासारखं वाटतं. याचं कारण जॅझमधल्या सगळ्यात नेहमीच्या तीन कॉर्डमध्ये दिसतं. सी स्वराला सा मानू. पहिली कॉर्ड रे म ध सा, दुसरी प नी रे म, तिसरी सा ग प नी. या तिन्हींवर चालणारे मोड अनुक्रमे डोरियन, मिक्सोलिडियन आणि आयोनियन; थाटांच्या भाषेत काफी, खमाज आणि बिलावल. नावं तीन, पण पियानोच्या पट्ट्या त्याच सात पांढऱ्या! मग कॉर्ड बदलली हे ऐकणाऱ्याला कळणार कशावरून?

प्रत्येक कॉर्डचा मूळ, म्हणजे पहिला, स्वर बेस हे खालच्या स्वरांचं वाद्य सांभाळतं. आपण मूळ स्वरापासून मोडमध्ये मोजलेले फक्त तिसरा आणि सातवा स्वर घेऊ. पहिल्या कॉर्डमध्ये ते म आणि सा. दुसरीत म जागचा हलत नाही, सा अर्धा स्वर उतरून नी होतो. तिसरीत नी थांबतो आणि म अर्धा स्वर उतरून ग होतो. दर वेळी एकच बोट हलतं, तेही शेजारच्या पट्टीवर, आणि एवढ्यात सगळा रंग पालटतो. मला जॅझमध्ये याहून सुंदर काही माहीत नाही.

मधल्या कॉर्डमधले म आणि नी जवळून पाहण्यासारखे आहेत. म ३४९ हर्ट्झ, नी ४९४. गुणोत्तर दोनाचं वर्गमूळ. सप्तकाचे बरोबर दोन भाग. प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वरही वाजतात: म चा तिप्पट कंपनांचा उपस्वर १०४८ हर्ट्झवर पडतो, नी चा दुप्पट कंपनांचा ९८८ वर. इतक्या जवळच्या कंपनांना आतल्या कानातला पडदा नीट वेगळं करू शकत नाही, म्हणून खरखर ऐकू येते. ही खरखर भौतिक आहे. ‘आता म खाली ग वर उतरणार’ ही ओढ मात्र बरीचशी सवयीची, कारण ब्लूज या संगीतप्रकारात याच जातीची कॉर्ड घरासारखी वापरतात आणि ती कुठे सरकावी असं कुणाला वाटत नाही.

सप्तकाचे बरोबर दोन भाग असल्यामुळे आणखी एक गंमत होते. कोमल रे ला मूळ धरून याच जातीची कॉर्ड बांधली, तर तिचा तिसरा स्वर म आणि सातवा नी. तीच जोडी, फक्त अदलाबदल! म्हणून वादक प ची कॉर्ड काढून कोमल रे ची बसवतात आणि बेसही अर्धा स्वर उतरून सा वर येतो.

मोड निरुपयोगी आहेत असं नाही. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी ‘सो व्हॉट’ या रचनेसाठी चार-चार मात्रांची १६ आवर्तनं एकच डोरियन ठेवला, मग ८ अर्ध्या स्वराने वर, पुन्हा ८ खाली. कॉर्ड हलतच नाही तेव्हा मोडच आधार असतो.

२००८ मध्ये चार्ल्स लिंब आणि अॅलन ब्राउन या संशोधकांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांचे मेंदू स्कॅनरमध्ये तपासले. उत्स्फूर्त वादनात स्वतःवर लक्ष ठेवणाऱ्या कपाळामागच्या काही भागांची हालचाल कमी दिसली. यावरून ‘विचार बंद करा, प्रतिभा जागी होईल’ असं विकणाऱ्यांपासून सावध राहा. ते सहाही जण मुरलेले वादक होते. आणि ‘प्रतिभा उजव्या मेंदूत असते’ ही कहाणी तर या प्रयोगातून मुळीच निघत नाही.

तेव्हा आधी सावकाश लयीत, प्रत्येक कॉर्डवर फक्त तिसरा आणि सातवा स्वर वाजवा. मग त्या स्वरांवर नेमक्या पहिल्या मात्रेला पोहोचतील अशा छोट्या ओळी बांधा. बाराही स्वरांना एकेक करून सा मानून हे करा, पण क्रम दर वेळी बदला. ठरलेल्या क्रमात हात लवकर सफाईदार वाटतो. विस्कटलेल्या क्रमात चुका जास्त होतात, पण शिकलेलं जास्त टिकतं, हे हालचाली शिकण्यावरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे.