राबणाऱ्याचं काळीज घट्ट असतं?

सोलापूरच्या पूर्व भागात जुनी माणसं अजून म्हणतात, ‘घाम गाळणाऱ्याला हार्टचं दुखणं होत नाही, ते गादीवर बसणाऱ्या शेठजींना.’ ही समजूत काही अडाणीपणातून आलेली नाही. विज्ञानही एकेकाळी जवळपास तेच सांगत होतं. १९५३ साली ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास छापला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता. कष्ट म्हणजे संरक्षण, हा निष्कर्ष तिथून जगभर पसरला.

पण १९६७ साली लंडनमध्येच सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला आणि त्यात उलटं चित्र दिसलं. हृदयविकाराने सर्वाधिक मेले ते साहेब नव्हेत, खालच्या पायरीवरचे शिपाई-पट्टेवाले. तंबाखू हे त्याचं एक कारण, पण तेवढ्याने सगळा फरक उलगडत नव्हता. पुढे २००४ च्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांच्या अभ्यासाने दाखवलं, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षं आधीच येतो. म्हणजे ऐन कमावत्या वयात.

सोलापुरात याला गिरण्यांचा इतिहास चिकटला. १८७० च्या दशकात ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी पहिली गिरणी उभी राहिली, मग इतर आल्या, आणि शहर भोंग्यावर चालू लागलं. गिरणी कामगाराचे हाल काही कमी नव्हते, पण पाळी ठरलेली असायची, आणि १९४८ च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विम्याचं कार्ड असलं की दवाखाना हक्काचा होता. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि काम यंत्रमागांच्या शेडमध्ये विखुरलं. टॉवेल, चादरी तिथेच निघू लागल्या, पण कामगारांची संख्या कायद्याच्या मर्यादेखाली ठेवलेल्या शेडमध्ये कार्ड कुठून येणार? बारा तासांची पाळी, मजुरी जितकं काम तितकी, आणि शेजारी बोललेलं ऐकू येणार नाही असा खटखटाट. असा आवाज वर्षानुवर्षं कानावर पडला तर रक्तदाब वाढतो. त्यात उन्हाळ्यात पारा बेचाळिसावर गेला की पत्र्याखाली काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. सुताच्या ढिगाशेजारी विडी पेटवता येत नाही, म्हणून गालात तंबाखू. रात्रपाळीत झोप उडवायला तीच.

बायकांचं काम विड्यांचं. दिवसभर सूप मांडीवर घेऊन मान खाली. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, म्हणून हात थांबवता येत नाही. त्यात अनेकींना मशेरीची सवय. यांना ‘कष्टकरी’ म्हणायचं खरं, पण हालचाल पाहिली तर मॉरिसच्या ड्रायव्हरपेक्षाही कमी.

राज्याने २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आधी आठ जिल्ह्यांत आणली, त्यांत सोलापूर होतं. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. झटका आल्यावर अँजिओप्लास्टीचा खर्च तिच्यातून निघतो, आणि ही काही लहान गोष्ट नाही. त्याच वर्षी राज्यात गुटखाबंदीही झाली. टपऱ्यांवर ती कितपत दिसते, हे सोलापूरकरांना विचारावं.

झटका येण्याआधीचं काम मात्र साधं आहे. महिन्याला एकदा बीपी मोजायचं आणि गोळी चुकवायची नाही. गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते. पण ओपीडी सकाळची, तेव्हा दिवसपाळीवाला मागावर उभा असतो आणि रात्रपाळीवाला नुकता पडलेला असतो. फुकटच्या गोळीसाठी एक खाडा पडतो.