हळदीचा डाग आणि मावशीचे गुडघे

पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली की आपल्याकडच्या बायका दोन गोष्टी सांगतात. साबण लावल्यावर डाग लाल होईल, घाबरू नकोस. आणि मग उन्हात टाक, उडून जाईल. सोलापूरच्या एप्रिलमधल्या उन्हात तर दुपार उलटेपर्यंत तो डाग कुठे होता हेही सापडत नाही.

या दोन वाक्यांत हळदीचं अर्धं रसायनशास्त्र आलं. हळदीला पिवळा रंग देणारा मुख्य पदार्थ म्हणजे कर्क्युमिन. साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की तो लाल होतो. पंढरपुरात पिढ्यान् पिढ्या हळदीपासून कुंकू होत आलं ते याच गुणामुळे. आणि प्रकाशात त्याचा रेणू टिकत नाही, तुटतो. १८१५ साली तो हळदीतून पहिल्यांदा वेगळा काढला गेला, त्याची रचना समजायला १९१० साल उजाडलं. दोनशे वर्षं ओळखीचा असलेला हा रेणू स्वभावाने मात्र अस्थिर आहे. पुढचं सगळं समजायला हा डाग डोळ्यांसमोर ठेवा.

मला तो आठवला मावशीच्या घरी. मावशी सोलापुरातच, साखर पेठेत राहते. वीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले, आता गुडघे बोलतात. त्यात सहा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी रोज. मागच्या महिन्यात गेले तर मिसळणाच्या डब्याशेजारी एक नवी बाटली. कर्क्युमिन ५०० मिलिग्रॅम, काळ्या मिरीच्या अर्कासह, सकाळ-संध्याकाळ एक. मी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंस का?" मावशी म्हणाली, "त्यात काय सांगायचं? हळदच हाय की गं."

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, म्हणून मला तिथेच बसून हिशोब करावासा वाटला. चांगल्या हळदीत वजनाच्या साधारण ३ टक्के कर्क्युमिन असतं. दिवसभराच्या आमटी-भाजीतून माणशी २ ग्रॅम हळद पोटात गेली असं धरलं, तर कर्क्युमिन झालं ६० मिलिग्रॅम. मावशीच्या एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिन आणि त्याची भावंडं. म्हणजे जवळपास १६ ग्रॅम हळद, चहाचे पाच चमचे. दोन कॅप्सूल म्हणजे दहा चमचे, रोज. एवढी हळद मावशीने आयुष्यात कधी एका दिवसात खाल्लेली नाही, तिच्या आईनेही नाही. "आपल्या आज्या-पणज्या खात होत्या" हे डब्यातल्या हळदीबद्दल खरं आहे. बाटलीतल्या हळदीबद्दल त्या आपल्याला काहीच सांगू शकत नाहीत.

पण नुसतं जास्त खाल्लं म्हणून जास्त लागू होतं असंही नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यातून जे थोडंफार आत शिरतं त्याला आतड्याचं अस्तर आणि यकृत लगेच दुसरे रेणू चिकटवतात आणि बाहेरची वाट दाखवतात. प्रयोगशाळेत शरीराइतक्या तापमानाला, रक्ताइतक्या सामूच्या (पीएचच्या) साध्या द्रावणात ठेवलं, तर अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन मोडून जातं. सदऱ्यावर दिसतो तोच नाजूकपणा. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जेमतेम सापडलं किंवा सापडलंच नाही. मग सोबत काळ्या मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं, आणि शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. हाच आकडा आज बाटल्यांवर छापलेला दिसतो.

मिरी हे कसं करते, ते बाटल्या सांगत नाहीत. पायपरिन यकृतातल्या आणि आतड्यातल्या त्या बाहेर काढणाऱ्या यंत्रणेलाच मंद करतं. ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी नसते. आपण घेतो त्या अनेक औषधांचा निचराही तीच करते. दाराशी बसलेल्या राखणदाराला झोपवलं की आपला पाहुणा आत येतो, पण त्या वेळी दार सगळ्यांनाच उघडं असतं.

आता प्रश्न पडेल, हळदीने कॅन्सरच्या पेशी मेल्या, सूज उतरली, असे हजारो शोधनिबंध आहेत ते काय खोटे? बहुतेक खोटे नाहीत, पण ते काचेच्या तबकडीत घडलेलं आहे. तिथे कर्क्युमिन थेट पेशींवर ओततात. शरीरात ते तेवढ्या प्रमाणात पेशींपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय हा रेणू चाचण्यांना फसवतो. औषधाचा परिणाम मोजायला बऱ्याचदा चमक मोजतात, आणि कर्क्युमिन स्वतःच चमकतं. ते कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, पेशीच्या आवरणात गडबड करतं, आणि चाचणी म्हणते "लागू पडलं". २०१७ साली अमेरिकेतल्या औषध-रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने हे सगळं सविस्तर मांडलं. तोवर माणसांवर १२० हून जास्त चाचण्या झाल्या होत्या, आणि या गटाचा निष्कर्ष होता की काटेकोर, प्लासिबोशी (म्हणजे बिनऔषधाच्या गोळीशी) तुलना करणारी एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही. शास्त्रज्ञांत यावर वादही झाला.

मला हा निष्कर्ष गुडघ्यांच्या बाबतीत जरा जास्तच कडक वाटतो. हळदीच्या बाजूने सगळ्यात बरा पुरावा तिथेच आहे. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांपैकी अर्ध्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि बाकीच्यांना आयबुप्रोफेन हे वेदनाशामक दिलं. चार आठवड्यांनी दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं, आणि पोटाचा त्रास हळदवाल्यांना कमी झाला. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ७० जणांवर बारा आठवडे प्लासिबोशी तुलना केली, तेव्हाही दुखणं कमी झालं. पण तिथे एमआरआयही काढले होते. त्यात ना सांध्यातली सूज कमी दिसली, ना कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गादीत, फरक. म्हणजे काही लोकांना, काही आठवडे, दुखण्यात थोडा आराम मिळू शकतो. झिजलेला गुडघा भरून येतो असं कोणी म्हणत असेल, तर त्याला या चाचण्यांचा आधार नाही.

पित्ताच्या तक्रारीवरही थायलंडमध्येच एक चाचणी झाली. २०६ रुग्ण, एका बाजूला कर्क्युमिन, दुसरीकडे ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध, आणि परिणाम सारखा. मात्र नुसती बिनऔषधाची गोळी घेणारा गट त्यात नव्हता. अशी दुखणी चार आठवड्यांत आपोआपही कमी होतात, त्यामुळे हे यश नेमकं कोणाचं, ते ठरवता येत नाही.

उलट बाजूची एक चाचणी मला विसरता येत नाही. कॅनडातल्या दहा रुग्णालयांत, पोटातल्या महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) शस्त्रक्रियेआधी-नंतर चार दिवसांत ६०६ रुग्णांना कर्क्युमिनच्या आठ मात्रा किंवा प्लासिबो दिलं. सूज आणि मूत्रपिंडाची इजा कमी होईल अशी आशा होती. सूज कमी झाली नाही. मूत्रपिंडाला इजा प्लासिबो गटात १० टक्के लोकांना झाली, कर्क्युमिन गटात १७ टक्के. चार दिवसांत!

यकृताची गोष्ट आणखी गंभीर. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ साली हळदीच्या गोळ्यांशी जोडलेले दहा रुग्ण नोंदवले. पाच जणांना दाखल करावं लागलं, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहांपैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुक-प्रकार सापडला. त्याच वर्षी इटलीने अशा गोळ्यांवर इशारा छापणं सक्तीचं केलं. असं फार थोड्यांना होतं, आणि गोळी थांबवल्यावर बहुतेक जण बरे होतात. पण तुमच्यात तो जनुक-प्रकार आहे का, हे बाटली घेताना तुम्हाला ठाऊक नसतं. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, की त्या दिवशीच गोळी बंद करून डॉक्टर गाठायचा.

डबाही तपासायला हवाच. हळद उठून दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळण्याचे प्रकार झाले आहेत. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. बांगलादेशात हा रंग हळकुंडांना पॉलिश करतानाच चढवला जात होता, म्हणजे पुडीऐवजी हळकुंडं घेऊन घरी कुटली म्हणून सुटलो, असं नाही. तिथे २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं, सरकारने धाडी घातल्या, आणि २०२१ पर्यंत ते शून्यावर आलं. सांगलीची राजापुरी असो की आणखी कुठली, पिवळाजर्द भडकपणा हे चांगल्या हळदीचं लक्षण नव्हे, हे मी दुकानात उभी राहूनही सांगते.

इथे कोणीतरी माशेलकरांची आठवण काढतंच. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं, आणि १९९७ साली ते रद्द झालं. मला त्या लढाईचा मनापासून अभिमान आहे. पण तिथे सिद्ध झालं ते हे ज्ञान नवं नाही एवढंच. हळद किती लागू पडते, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

मावशीकडे परत येते. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ साली एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. वॉरफरिनवर व्यवस्थित चाललेल्या माणसाने हळदीचं उत्पादन सुरू केलं, आणि काही आठवड्यांत त्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, १० च्या वर गेला. कृत्रिम झडपेच्या रुग्णात तो साधारण २.५ ते ३.५ च्या आसपास ठेवतात. १० च्या वर म्हणजे मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. मी मावशीला त्याच संध्याकाळी रक्त तपासायला नेलं. आकडा ४.६ आला. हिरड्यांतून रक्त येतं हे तिने तेव्हा सांगितलं, "ब्रश नवा हाय म्हणून असंल" असं समजून ती गप्प बसली होती. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली, वॉरफरिनची मात्रा तशीच ठेवली. दहा दिवसांनी आकडा ३ वर उतरला. आमटीतली हळद नेहमीसारखी चालू द्या, असं त्यांनीच सांगितलं.

गुडघ्यांसाठी त्यांनी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला. गुडघ्याच्या झिजेत व्यायामाने दुखणं कमी होतं, याचा पुरावा कुठल्याही हळदीच्या गोळीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. आता सकाळी शेजारच्या लक्ष्मीअक्का येतात, त्यांनी जन्मभर विड्या वळल्या, मांडी घालून बसून त्यांचेही गुडघे गेलेत. दोघी खाटेच्या कडेला बसतात, पाय सरळ करून धरतात, आणि अक्का तेलुगूत मोजतात. ओकटि, रेंडु, मूडु. मावशी चुकून मध्येच मराठीत "चार" म्हणते, आणि अक्का पुन्हा एकपासून सुरू करतात.