कास्क स्ट्रेंथ म्हणजे सिंगल कास्क नव्हे

स्कॉच सिंगल माल्ट व्हिस्कीच्या बाटलीवर अल्कोहोलचा 58 किंवा 60 टक्के असा आकडा दिसला की ती एकाच पिपातली असणार, असं बरेच जण धरून चालतात. घोळ होतो तो 'कास्क', म्हणजे पीप, या शब्दामुळे. 'कास्क स्ट्रेंथ' सांगतं ते पाण्याबद्दल: पिपातून काढल्यावर व्हिस्कीत पाणी मिसळून तिची तीव्रता उतरवलेली नाही. 'सिंगल कास्क' सांगतं ते पिपांच्या संख्येबद्दल: बाटलीतला सगळा माल एकाच पिपातला. 'सिंगल माल्ट'मधलं 'सिंगल' आणखी तिसरंच. ते फक्त डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्की गाळायचा कारखाना, एकच असल्याचं सांगतं.

दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो. अबरलावर या डिस्टिलरीची अबूना ही शेरी (स्पॅनिश वाइन) ठेवलेल्या अनेक पिपांतल्या व्हिस्कीची मिळवणी, पाणी न घालता भरलेली. म्हणून लेबलवर बॅच क्रमांक असतो आणि दर बॅचला टक्केवारी बदलते, 60च्या आसपास. बॅल्व्हेनीची 12 वर्षांची सिंगल बॅरल मात्र खरोखर एकेका पिपातली, पण पाण्याने 47.8 टक्क्यांवर आणलेली. दोन्ही गुण एकत्र असलेल्या बाटल्याही मिळतात. त्यांच्यावर पिपाचा क्रमांक आणि त्यातून एकूण किती बाटल्या निघाल्या ते छापलेलं असतं. बर्बन (अमेरिकन व्हिस्की) ठेवलेल्या 200 लिटरच्या बॅरलमधून बारा वर्षांनी साधारण दोनशेच्या आसपास बाटल्या निघतात, कारण स्कॉटलंडच्या गोदामांत दरवर्षी सुमारे 2 टक्के माल हवेत उडून जातो.

आकडा मोठा म्हणजे कास्क स्ट्रेंथ, हेही दरवेळी खरं नसतं. नवी दारू पिपात भरताना बहुधा 63.5 टक्के असते. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत वर्षागणिक अल्कोहोल उतरत जातं, त्यामुळे तीस-चाळीस वर्षांची व्हिस्की पाण्याचा थेंब न घालताही 44 टक्क्यांवर आलेली असू शकते. उलट ग्लेनफार्क्लास 105 ही व्हिस्की दरवेळी बरोबर 60 टक्के, म्हणजे ठरलेल्या आकड्यावर जुळवलेली. 105 हा प्रूफचा, म्हणजे दारूची तीव्रता मोजायच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीचा आकडा. पिपातून जसाच्या तसा आलेला आकडा सहसा 58.7, 60.3 असा वाकडातिकडा असतो. नावावरही जाऊ नका: गोव्याच्या पॉल जॉनची क्लासिक सिलेक्ट कास्क 55.2 टक्के आहे, पण ती निवडक पिपांची मिळवणी आहे.

चव घेताना दोघींचा कस वेगवेगळ्या ठिकाणी लागतो. कास्क स्ट्रेंथमध्ये सगळा खेळ पाण्याचा. वर निमुळता होत जाणारा ग्लास घ्या आणि त्यात 20 मिली ओता. वाइनसारखा जोरात फिरवू नका, अल्कोहोलचा भपकारा वर येतो. नाक ग्लासात खुपसलं की ते बधिर होतं आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात. ते काठापाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. पहिला घोट अगदी छोटा, लाळेत मिसळून जिभेवर फिरवायचा. हा फक्त तोंडाला सवय होण्यासाठी. त्यावरून मत बनवू नका.

मग ड्रॉपरने पाणी, दोन-चार थेंब. ग्लास उजेडात धरला तर पाण्याच्या तेलकट रेषा व्हिस्कीत वळवळत खाली जाताना दिसतात. दोन मिनिटं थांबा, परत हुंगा. 58 टक्क्यांच्या 20 मिलीत 5 मिली, म्हणजे एक छोटा चमचा पाणी घातलं की ती साधारण 46 टक्क्यांवर येते. 40 टक्क्यांवर आणायला 9 मिली लागतं. एकदम चमचाभर ओतणं ही सगळ्यात महाग चूक, कारण पाणी परत काढता येत नाही. बोअरचं जड पाणी नको, बर्फ तर नकोच. पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित गढूळ झाली तर घाबरू नका. थंड करून न गाळलेल्या व्हिस्कीतले तेलकट घटक अल्कोहोल उतरल्यावर विरघळलेले राहत नाहीत, इतकंच. आमच्या मते ही चांगलीच खूण.

सिंगल कास्कमध्ये पाण्याआधी लेबल वाचा. पीप बर्बनचं की शेरीचं, त्यात व्हिस्की पहिल्यांदा भरलेली की दुसऱ्यांदा, डिस्टिल कधी झाली, बाटलीत कधी भरली, हे बघा. मिळवणीत एका पिपाचा उणेपणा दुसरं भरून काढतं. इथे ती सोय नाही. शेरीच्या पिपात फार वर्षं राहून लाकडाचा तुरटपणा वरचढ झाला असेल तर पाण्याने तो आणखी उघडा पडतो. म्हणून अशा बाटलीची कुणी केलेली तारीफ वाचाल तेव्हा पिपाचा क्रमांक जुळवून बघा. शेजारच्याच पिपातली व्हिस्की, त्याच दिवशी भरलेली, वेगळी लागू शकते.