दुसऱ्या आठवड्यातला आजार

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या लाटेत, महाराष्ट्रात कुणाच्याही घरी फोन केला की चौकशीत एक प्रश्न हमखास यायचा, ‘स्कोअर किती आला?’ छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा हा स्कोअर २५ पैकी असायचा. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन असे पाच भाग, आणि प्रत्येक भाग किती व्यापला आहे त्यानुसार शून्य ते पाच गुण. आठ आला की हुश्श करायचं, अठरा आला की बेड शोधायला लागायचं, असा सरळ हिशेब लोकांनी बांधला होता. त्यात विचारायचं राहून जाई ते एवढंच, की स्कॅन आजाराच्या कितव्या दिवशी काढला? माझ्या मते खरा प्रश्न तोच होता. दुसऱ्या दिवशीचा पाच आणि बाराव्या दिवशीचा पाच यांचे अर्थ अगदी वेगळे. पहिल्यात आजार अजून चढायचा असतो, दुसऱ्यात बहुधा तो उतरणीला लागलेला असतो.

फुप्फुसात नेमकं काय बिघडतं हे पाहायचं तर वायुकोशापर्यंत, म्हणजे हवेच्या सूक्ष्म फुग्यांपर्यंत जावं लागतं. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा तिथे जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा असतो, म्हणून तर प्राणवायू क्षणात आरपार जातो. वायुकोशाच्या अस्तरात दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पेशी चपट्या. जवळजवळ ९५ टक्के जागा त्यांनीच व्यापलेली असते. दुसऱ्या प्रकारच्या गोलसर पेशी थोड्याच जागेत बसतात, पण कामं दोन करतात. एक म्हणजे त्या सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ बनवतात. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बाजू कशा एकमेकींना चिकटून बसतात, तशी गत वायुकोशांची होऊ नये म्हणून हा पदार्थ लागतो. दुसरं काम दुरुस्तीचं. पहिल्या प्रकारच्या पेशी मेल्या की या पेशी विभागतात आणि त्यांची जागा घेतात.

करोना विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो, आणि वायुकोशांत हे प्रथिन मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवरच असतं. म्हणजे जिच्यावर डागडुजीची भिस्त, तीच पेशी आधी जाते.

तरीही पहिल्या आठवड्यात बहुतेकांचं फुप्फुस शाबूत राहतं. विषाणूंची संख्या लक्षणं सुरू होण्याच्या आसपास सर्वाधिक असते आणि इंटरफेरॉन ही शरीराची पहिली फळी त्यांना घशा-नाकाच्या पुढे फारसं जाऊ देत नाही. काहींची ही फळी आधीपासूनच पांगळी असते. २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात करोनाच्या गंभीर न्यूमोनियाच्या किमान दहा टक्के रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. हे रुग्ण बहुतांशी पुरुष होते. एका घरातले दोघे भाऊ एकाच वेळी आजारी पडले आणि एकजण व्हेंटिलेटरवर गेला, अशा कोड्यांचं थोडं उत्तर इथे मिळतं.

खरी पडझड सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होते, आणि गंमत अशी की तोवर बऱ्याच रुग्णांत विषाणू ओसरू लागलेला असतो. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला, तेव्हा त्यांना एक दुष्टचक्र दिसलं. वायुकोशातल्या भक्षक पेशींना विषाणूची लागण होते, त्या टी-पेशी या प्रतिकारपेशींना बोलावतात, टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे चेतवणारं रसायन सोडून भक्षक पेशींना आणखी चेतवतात. हा प्रकार फुप्फुसभर एकदम पेटत नाही; तुकड्यातुकड्यांनी, दिवसेंदिवस पसरत जातो. करोनाचा न्यूमोनिया इतका रेंगाळतो त्याचं हे एक कारण.

या धुमश्चक्रीत केशवाहिन्या गळू लागतात. प्रथिनांनी दाट झालेला द्रव वायुकोशात उतरतो, मेलेल्या पेशी आणि फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे तंतू) यांचा थर आतून चिकटतो. सूक्ष्मदर्शकाखाली हा थर गुलाबी, काचेसारखा गुळगुळीत दिसतो. स्कॅनवर दिसणारे धुरकट पांढरे पट्टे म्हणजे अर्धवट भरलेले, अर्धवट मिटलेले असेच वायुकोश. पुढची पायरी एआरडीएस, म्हणजे फुप्फुसांचं काम अचानक कोलमडून श्वास अपुरा पडणं. तिचं पहिलं सविस्तर वर्णन १९६७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं, तेही अवघ्या बारा रुग्णांवरून. त्यामुळे करोनाने फुप्फुसाला नवीनच काही केलं असं म्हणता येत नाही. अपवाद रक्तवाहिन्यांचा. २०२० मध्येच करोनाने दगावलेल्या सात जणांची फुप्फुसं एच१एन१ फ्लूने दगावलेल्या सात जणांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली गेली, तेव्हा करोनाच्या फुप्फुसांत केशवाहिन्यांमधल्या बारीक गुठळ्या नऊपट आढळल्या. नमुना लहान होता, पण फरक मोठा होता. गुठळ्यांचा माग काढणारी डी-डायमरची तपासणी आणि रक्त पातळ ठेवणारी हेपारिनची इंजेक्शनं घरोघरच्या बोलण्यात आली ती या गुठळ्यांपायी.

ऑक्सिमीटरवर ८२ दिसत असताना माणूस फोनवर निवांत बोलतोय, हे कसं? आपल्याला धाप लागते ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. हा वायू पडद्यातून प्राणवायूच्या सुमारे वीसपट सहज पार होतो, त्यामुळे फुप्फुस बरंच खराब झालं तरी तो बाहेर पडत राहतो. प्राणवायू मात्र घटतो आणि मेंदूची घंटा वाजायला उशीर होतो. त्यातून सुरुवातीला काही रुग्णांची फुप्फुसं ताठर झालेली नसतात, श्वास ओढायला जड जात नाही. ‘मला काही होत नाहीये’ असं म्हणणाऱ्या रुग्णाला सहा मिनिटं चालवून आकडा पाहायचा सल्ला त्या काळात दिला जायचा, तो अगदी शहाणपणाचा होता.

उपचारांतही दिवस मोजणंच निर्णायक ठरलं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ या औषधचाचणीचे निकाल आले. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवर असलेल्यांतले एकपंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नाही, उलट नुकसानीकडे कल दिसला. ते साहजिकच आहे. विषाणू जोरात असताना प्रतिकार दाबायचा नसतो, आणि प्रतिकारच फुप्फुस जाळू लागला की तो दाबावा लागतो. आपल्याकडे मात्र तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्याची उदाहरणं कमी नव्हती. अनियंत्रित मधुमेहाला अशा स्टेरॉइडची जोड मिळाली आणि म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार कसा बोकाळला, ते महाराष्ट्राने पाहिलं. रेमडेसिविरचंही तेच. ते विषाणूविरोधी औषध, म्हणजे उपयोग व्हायचाच तर लवकर दिल्यावर; पण रांगा लागायच्या दहाव्या दिवशी, फुप्फुस भरल्यावर. रुग्णाला पालथं झोपवण्याचा बिनखर्चाचा उपाय त्या मानाने दुर्लक्षित राहिला. पाठीकडचे मिटलेले वायुकोश त्याने उघडतात. गंभीर एआरडीएसमध्ये त्याने मृत्यू निम्म्याने घटतात, हे फ्रान्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत २०१३ सालीच दिसलं होतं.

यातून वाचलेल्यांच्या फुप्फुसाचं पुढे काय होतं? बहुतेकांचं काही महिन्यांत पुष्कळ सुधारतं. काहींचं सुधारत नाही, आणि त्याचा धागा पुन्हा दुसऱ्या प्रकारच्या पेशींकडे जातो. करोनाने मेलेल्यांच्या फुप्फुसांत संशोधकांना अशा पेशी मोठ्या संख्येने आढळल्या, ज्यांनी चपटं व्हायला सुरुवात केली होती पण त्या मध्येच अडकल्या. ना सर्फॅक्टंट बनवायच्या कामाच्या, ना प्राणवायू घ्यायच्या. अशा अडलेल्या पेशींच्या आजूबाजूला तंतूंची जाळी माजते. क्वचित ती इतकी माजते की फुप्फुस बदलण्यावाचून मार्ग उरत नाही. शिकागोत जून २०२० मध्ये एका तरुण रुग्णावर अशी दोन्ही फुप्फुसांची प्रत्यारोपण शस्त्रक्रिया झाली. सौम्य प्रमाणातला बिघाड साध्या एक्स-रेत दिसत नाही. त्यासाठी डीएलसीओ ही चाचणी करतात: कार्बन मोनॉक्साइडचा अगदी अल्प अंश मिसळलेली हवा दहा सेकंद छातीत धरायची आणि त्यातला किती रक्तात उतरला ते मोजायचं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने करोनातून उठलेल्या २०७ रुग्णांची अशी तपासणी केली, तेव्हा ४४ टक्क्यांत वायूंची ही देवाणघेवाण कमी भरली. जिना चढताना अजूनही दम लागतो आणि एक्स-रे मात्र स्वच्छ येतो अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी छातीच्या डॉक्टरांकडे या चाचणीबद्दल विचारायला हरकत नाही.